नाकापेक्षा इंजिन जड

बटणाला हात नका लावू — आधी हात मागे घ्या. ही काय मोटार आहे, बसलं की दाबलं? तुमच्या आधी एक जण नाव बघायला आला होता, त्यानेही असंच — बुटांसकट पाय गादीवर, आणि "काका, करू का सुरू?" शी. शिडाची नाव घ्यायला निघतात आणि इंजिनाचं झाकण उघडलं की नाक मुरडतात. नावेच्या पोटातलं पेट्रोलचं इंजिन आहे हो हे. पेट्रोलची वाफ जड, ती वर जात नाही, तळाला जाऊन बसते, आणि ठिणगी पडली की संपलं. म्हणून आधी हा पंखा. लावला. आता तो आतली हवा बाहेर फेकेल, तोवर बसा. तिथे नको, ग्रीस आहे — बसलात ना. फडकं त्याहून घाण आहे, राहू दे.

हे तळाचं पाणी बघा. काळं, वर तेलाची साय, आणि तो केसांचा गुंता कुणाचा देव जाणे. पालथा पडून मी उपसतो हे. आधीच्या मालकाने पेट्रोलला बागेतली नळी जोडली होती — बागेतली — आणि दिसू नये म्हणून वर रंग फासला. असल्या माणसाला — जाऊ दे. मी सगळं बदललं. नळी, प्लग, पंपातलं रबरी चाक. ते चाक झिजलं की पाणी फिरत नाही, इंजिन तापून जाम होतं. नाव एवढीशी आणि लाड सगळे या लोखंडाचे. नाकापेक्षा मोती जड, असं आमची ही म्हणायची. ही म्हणजे बायको. नाही, सध्या मुलीकडे असते. रागावून वगैरे नाही — म्हणजे, "नाव विकलीत की येते," एवढंच म्हणाली. याला काय रागावणं म्हणतात? नको, सांगू नका.

झालं. आता वाका आणि आत नाक घालून वास घ्या. पंखा कितीही फिरवा, शेवटचा शब्द नाकाचा. मी? मी नेहमीच घेतो हो, तुम्हाला शिकायला नको? खोल घ्या. काही नाही? पक्कं? ही अशीच वाकायची, तोंड वाकडं करून — आणि "आहे" म्हणाली की असायचंच. एकदाही चुकली नाही. जावई म्हणतो, बाबा, वासाचं यंत्र मिळतं, बसवून टाका. घरात माणूस असताना यंत्र कशाला? मध्ये ताप आला होता, तेव्हापासून मला करपलेल्या दुधाचाही वास कळत नाही, तर — म्हणजे, कधीकधी कळतं. असं बघू नका. हिला त्याचाच वीट आला. "मी बायको आहे, तुमचं नाक नाही." हे काय बोलणं झालं?

असो. नाक तुमचं, बोट माझं. पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला, चोक ओढला, गिअर काढलेला आहे. शेवटचं विचारतो — वास नाही ना?

रुमाल कशाला काढलात? सर्दी? कधीपासून? आणि मघाशी छाती भरून श्वास घेऊन काय सांगितलंत मला? वास नसणं वेगळं आणि वास न येणं वेगळं, एवढं कळत नाही? शी, शी. बोट बटणावर होतं माझं.

थांबा. त्या नळीखाली ओल कसली? पाणी असेल. पेट्रोल असेल. आपल्या दोघांत सांगणार कोण?

उतरा. हळू, कशालाही हात न लावता. मीही येतो मागोमाग. नाव विकल्याशिवाय ती यायची नाही, आणि ती आल्याशिवाय हे सुरू व्हायचं नाही — हसताय काय? उतरा म्हटलं ना.