काशीला सोडलेले खेकडे

आणि वर हा माझा दोस्त धनेश मलाच म्हणतो, "तू गप गाडी चालव!" अहो, चालवतोयच की! सायवनच्या ओहोळात दिवसभर धरलेले खेकडे पोत्यात, पोतं माझ्याच सीटमागे, आणि त्यांची ती खुडबुड नेमकी माझ्या कानाशी... तुम्हाला सांगतो, वरोरला आमच्या दारात समुद्र, पण वर्षाची शिकार म्हणजे डोंगरातले हे काळे खेकडेच! आईचा हट्ट. "समुद्रातल्याला ही चव नाही रे!" पाट्यावर वाटण वाटायची आणि असा रस्सा करायची की हात वाळले तरी आम्ही बोटं चाटत बसलेलो. पण आता मला काय, मी नुसता ड्रायव्हर!

का म्हणून विचाराल, तर काशी! आई गेली, तिचं कार्य करायला मी आणि माझी बायको रंभा काशीला गेलो. तिथे रीत आहे ना, आवडीचा एक पदार्थ कायमचा सोडून यायचा. पंडितजी म्हणाले, "बोलिए, क्या छोड़ेंगे?" रंभा हुशार! पदर सावरला, डोळे मिटले आणि म्हणाली, "कारलं!" अहो, हिने जन्मात कारल्याला तोंड लावलेलं नाही! आणि मी? मला त्या घाटावर आई आठवली आणि तोंडातून निघून गेलं, "खेकडे." रंभाने कोपर मारलं हो, पण सुटलेला शब्द थोडाच परत घेता येतो?

तरी दरवर्षी जातो. जीप माझी ना! येताना खेकड्यांची बिळं दाखवणाऱ्या लाहूला तलासरीला सोडायचं, म्हणजे केवढा उलटा फेरा... तो उतरताना म्हणतो, "दादा, तुमचा पण वाटा काढलाय. शिकारीला आला त्याचा वाटा पडतोच!" घेतला. पुढे हायवेला ट्रकच ट्रक, चारोटीला ताटकळलो, आणि मागे धनेशचं रश्श्यावर भाषण... खोबरं असं भाजायचं, आलं इतकं घालायचं... चूक! सगळं चूक सांगत होता! तोंडाला पाणी सुटलेलं, गिळलं आणि गिअर टाकला. मला काय, मी नुसता ड्रायव्हर!

घरी पोचलो तर रंभाचं वाटण तयार. रस्सा उकळायला लागला आणि तो वास आला... देवाशपथ सांगतो, आई चुलीपाशी उभी आहे असंच वाटलं. फार आठवण येते हो तिची. तेवढ्यात रंभा पळी घेऊन आली, "अहो, सासूबाईंसारखा झालाय का?"

आता बघा! ती चव ओळखणारी घरात एकच जीभ उरलेली, आणि ती मी काशीला बांधून आलेलो! पळी ओठांपाशी... हिचं लक्ष माझ्या तोंडाकडे... मी डोळे मिटले, खोल वास घेतला आणि म्हटलं, "आमसूल कमी पडलंय." तिने घातलं, पुन्हा उकळी आणली. "आता?"

"आता... आता आईचाच."

मग काय, ती बसली खेकडे फोडायला. आणि माझ्या ताटात? शेजारच्या नूतनने मांडवावरची कारली पाठवलेली, टोपलीभर! रंभाला चालत नाहीत ना, काशीला सोडलीत! मग संपवायची कोणी?

म्हटलं, वाढ बाई, वाढ... आणि तुझं ताट जरा इकडे सरकव, वास तरी येऊ दे!