चौकटीवरच्या रेघा

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर सात खुर्च्या होत्या, बायका पाच आणि फायली चार. पाचवी नुसती सोबतीला आलेली नणंद होती. काउंटरवरची मुलगी रजिस्टर लिहिता लिहिता तिचं आणि तिच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनीचं बोलणं ऐकत होती.

"वहिनी, परवा अंडं किती होतं?"

"चौदा मिलीमीटर. अठरा झालं की अंडं फुटायचं इंजेक्शन. मागचे तीन महिने बाराच्या पुढे गाडी सरकलीच नाही."

"एकाच अंडाशयावर सगळी भिस्त. जरा दमानं घेऊ दे की त्याला."

"गाठीसोबत दुसरं काढलं, तेव्हापासून बिचारं एकटंच राबतंय."

"आमच्या दादासारखं!"

"तुमचा दादा राबतो? कधी?"

"बरं, दाराच्या चौकटीवर तुझ्या छकुलीच्या उंचीच्या खुणा आहेत. पण अगदी खाली, जमिनीलगत रेघा कसल्या?"

"तिचाच उद्योग. अंड्याचं माप ऐकलं की माझी टेप घेते आणि जमिनीपासून मोजून रेघ मारते. म्हणे, बाळाची पण उंची लिहायची."

"अगं, बाळ आहे कुठे अजून?"

"तेच सांगितलं. तर म्हणाली, मग पुसू नकोस, आल्यावर त्याला दाखवू."

"आणि नाहीच आलं तर?"

"तर छकुलीची उंची वाढतेच आहे की, ताई. तेवढ्यावरही घर भरलेलं आहे. पण आज रेघ वर गेली पाहिजे हो."

तेवढ्यात शिंपीणबाईंना आत बोलावलं. दहा मिनिटांनी त्यांची फाइल काउंटरवर आली. मुलीनं आकडा दोनदा पाहून रजिस्टरात उतरवला: डावं अंडाशय, साडेअठरा मिलीमीटर.