हिराजीकाकांचं लाल फडकं

लांबून पेशंटवर नजर ठेवायचं कौतुक मला सांगू नका. मी नेरळला कंपाउंडर होतो, तेव्हा माथेरानच्या चढणीवर राहणाऱ्या हिराजीकाकांना टीबी झाला. रोज कोण चढणार? म्हणून ठरलं, सकाळची गोळी घेतली की काकांनी आंब्याला लाल फडकं बांधायचं. मी खालूनच बघणार.

एक दिवस फडकंच नाही! मी तसाच निघालो. धापा टाकत वर पोचलो, तर काका ओट्यावर निवांत बसलेले.

"काका, गोळी?"

"घेतली की."

"मग फडकं का नाही बांधलं?"

"बांधलं की तू खालूनच जातोस. टीबी झाल्यापासून घरी कोन चहाला पन येत नाय रं."

आत चुलीवर दोघांचा चहा उकळत होता.

त्यानंतर दर सोमवारी फडकं नसायचं. मीही मुकाट चढायचो.