उंडीच्या वाट्या

एकोणीसशे सत्तावन्न, मार्गशीर्ष — एवढंच कोरलंय फळीच्या खाली, जास्त लिहायला मला येत नाय. बघितलंस ना? मग ठेव खाली, शुलाबाय, फळीला तेल लावलंय, पातळाला लागेल. बस तिथं, जाळ्यावर बस, सुकं हाय. — उशीर? कसला उशीर? दिवस बुडायला अवकाश हाय, आणि तुमच्या सणाचा पहिला दिवा दिवस बुडाल्यावरच लागतो. मला शिकवतेस? तुमच्या खिडकीसमोर जन्म गेला माझा.

मला सगळं कळलंय. भामानं सांगितलं — माझ्या सुनेला गल्लीतलं सगळं गल्लीच्या आधी कळतं — की तुझ्या नवऱ्यानं, जुडाहनं, तुमचा पितळेचा दिवा पेटीत भरला आणि पेटी गेली बंदरावर. कारकून माणूस, भरायला बसला की हात थांबत नाय. सासू झोपली असती तर तिलाही भरली असती! हस, हस. पण तुझी आई, जेरुशाबाय, सकाळपासून जेवली नाय, तेही कळलंय मला. पनवेलातला शेवटचा सण आणि घरात दिवा नाय म्हणते. बरोबर बोलते. परवा तुमी इस्रायलच्या बोटीवर चढणार, ती म्हातारी पुन्हा ही गल्ली कशाला बघते?

म्हणून हे केलं. बघ नीट. फळी माझ्या जुन्या होडीची, साग हाय, तीस पावसाळे पाणी प्यायलाय, मेणबत्तीला भीत नाय. वाट्या उंडीच्या फळाच्या — वाळवायच्या, अर्ध्या कापायच्या, आतला गर काढून टाकायचा. आत सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं बसवलीत, म्हणजे वाटी जळायची नाय. भोवती सुरूची फळं — ती उगीच, शोभेला. शोभा मला कळत नाय असं समजू नकोस. मेणबत्त्या? त्याही मीच. दयाराम वाण्याकडं मोडक्या पडल्या होत्या, कोण घेणार, त्या वितळवल्या आणि पपईच्या पानाच्या देठात ओतल्या. पोकळ असतो ना देठ — थंड झालं की चिरून काढायचा. वात जाळ्याच्या सुती दोऱ्याची. एक जरा वाकडी झालीय. ती शेवटच्या रात्री लाव, बोटीवर, तोवर डोळ्याला सवय होईल.

तुमच्या सणाच्या आठ रात्री, म्हणून आठ वाट्या, आणि ही नववी उंचावर, वल्ह्याच्या मुठीवर — बाकीच्यांना पेटवणारी. बघ, विसरलो नाय.

पण विसरलो होतो. दुसरंच. पहिल्यांदा वाट्या केल्या त्या उंडीच्या नाय, कालवाच्या शिंपल्यांच्या केल्या. आतून काय चकाकतात, सांगतो तुला! सगळ्या बसवल्या, खूश होऊन भामाला दाखवल्या. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. म्हणते, ‘मामंजी, ज्या दारात सासूबाई म्हणे कोळंबी-चिंबोरी फडक्याखाली झाकून पाटी उतरवायच्या, त्या दारात कालवं पाठवताय?’ — खरंच की! खवल्याची मासळी तेवढी तुमच्या धर्माला चालते. ठमा सुरमई वर ठेवायची, बाकी सगळं खाली झाकलेलं. आणि मी, ठमाचा नवरा — काढल्या, दिल्या फेकून खाडीत. — चाललं असतं म्हणतेस? तुमाला चाललं असतं. मला चाललं नसतं.

एवढं कशाला केलं? बसून होतो म्हणून केलं. थंडीत मासळी कमी, हात रिकामे — नाय, तसं नाय. तू लहान होतीस, तुला आठवायचं नाय. ठमा गेली त्या साली दिवाळीत मी अंधारात बसलो होतो, ह्याच पडवीत. दुखवट्याच्या घरात आमी करंज्या तळत नाय, शेजारपाजार आणून देतं. सगळ्यांनी आणल्या. तुझी आईपण आली ताट घेऊन, पण तिच्या ताटात करंज्यांच्या मधे पणती होती, पेटवलेली. म्हणाली, ‘बुधाजी, तुझ्या हातानं नको लावूस, ही मी लावलेली हाय.’ ठेवली आणि गेली. मी रात्रभर — जाऊ दे. तेल संपेपर्यंत जळाली ती.

पण ताट राहिलं. दुसऱ्याचं ताट रिकामं परत करायचं नाय, ही आमची रीत, आणि भरायला घरात बाईमाणूस नव्हतं. पुढं भामा आली, दर सणाला म्हणायची, मामंजी, वड्या घालून देते पाठवून. नको म्हटलं. करंज्या वड्यांनी फिटतील, पणती कशी फिटणार? म्हणून ठेवलं. चिंचेनं घासत आलो — मीच, भामाला हात लावू दिला नाय. आता तुमी गेल्यावर ते मी कुणाच्या दारात नेणार होतो? समोर खिडकी अंधारी राहील. राहू दे. मला काय, मी लवकर झोपतो.

ए, डोळे पूस. मेण भिजलं की वात धरत नाय. — हे बघ ते ताट. कडेला ठोकून तुझ्या आईचं नाव घातलंय, वाच. ह्यात ठेवतो दिवा. बसला बरोबर, मापानंच केलाय. दोन्ही हातांनी धर. आईला सांग, बुधाजीनं ताट परत केलं, आणि रिकामं नाय केलं.

जा आता. दिवस बुडाला.