बायकांच्या बाजूची भिंत

“तवा मी एकदाच सांगितलं, आन गप बसले.”

पाळकसाहेब, पंचमंडळी, बायांनो, आणि करुणा. हे वाक्य सगुणाबाईंनी मला अठ्ठावीस वर्षांपूर्वी सांगितलं. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आज त्यांच्या स्मरणसभेत बोलायला उभी राहिले, तर दुसरं काही आधी आठवतच नाही. तुम्ही लांबलांबून आलात. कडेगावहून आलात, विट्याहून आलात. काही जण तर दोन दोन कोस चालत आलात. तुम्हाला बाईंच्या मायेच्या गोष्टी ऐकायच्या असतील. त्या माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण तोंड उघडलं की हे वाक्य मध्ये येतं. म्हणून ते आधी सांगून टाकलं. त्याचा अर्थ सांगायला थोडा वेळ लागेल. माझा आवाज अडखळला तर सांभाळून घ्या.

जे मला ओळखत नाहीत त्यांना सांगते. मी सांगलीला शाळेत शिकवते, थोडंफार लिहिते. पण मूळची कडेगावची. माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पाळकसाहेब तेव्हा बाईंना घेऊन कडेगावच्या चर्चच्या मंडळीत नुकतेच आले होते. बाईंनी मला घरी नेलं. माझ्या केसांतल्या गाठी सोडवण्यात सगळी दुपार घालवली. जेवायची वेळ झाली तेव्हा साहेबांना एवढंच म्हणाल्या की आज एक भाकरी जास्त थापली आहे. त्या एका भाकरीवर मी त्या घरात आठ वर्षं राहिले. नंतर करुणा झाली, सुधाकर झाला. मला कधी कुणी बाहेरची म्हटलं नाही. सुधाकर आज इथं नाही. तो फौजेत आहे, आणि त्याला तार पोचली की नाही, हेही अजून कळलेलं नाही.

बायांनो, मूठधान्याची टोपली तुम्हाला आठवते ना? रोज स्वयंपाकाच्या आधी एक मूठ जोंधळे किंवा तांदूळ देवासाठी बाजूला ठेवायचे आणि रविवारी चर्चमध्ये आणायचे, ही रीत बाईंच्या आधीपासून होती. पण टोपलीवर फडकं टाकायची रीत बाईंची. प्रत्येकीनं फडक्याखाली हात घालायचा, खोल नेऊन मूठ सोडायची. कुणी किती टाकलं ते दिसायचं नाही. काहीच टाकलं नाही तरी दिसायचं नाही. दुष्काळाच्या वर्षी माझ्या मावशीनं चार महिने रिकामी मूठ सोडली. बाईंना ते कळत नव्हतं असं तुम्हाला वाटतं? एका रविवारी त्या मावशीच्या कानाशी लागून म्हणाल्या, “सावित्रे, घालतानाची मूठ काढतानाबी झाकलेलीच असती गं.” मावशीनं त्या दिवशी टोपलीत हात घातला आणि मूठ भरून बाहेर काढला. अशा होत्या बाई. माणसाची लाज झाकणाऱ्या.

आता मी जे सांगणार आहे त्यानं कुणाची तरी लाज उघडी पडेल. पाळकसाहेब, मला क्षमा करा. करुणा, तुला एक थोरला भाऊ होता हे तुला ठाऊक आहे. तो तापानं गेला असं तुला सांगितलं गेलं. तो तापानं गेला नाही.

विट्याकडच्या एका खेड्यात साहेबांचं पहिलं बिऱ्हाड होतं. आवारात विहीर होती. तिचा एका बाजूचा कठडा ढासळला होता. बाईंनी तिथल्या पंचांना सांगितलं. सुगी झाली की बांधू, असं उत्तर आलं. बाई तेव्हा विशीच्या होत्या, नव्या पाळकीणबाई. पुन्हा सांगितलं तर लोक कटकटी म्हणतील, साहेबांना कमीपणा येईल, म्हणून त्या गप्प राहिल्या. सुगी संपायच्या आत त्यांचं तीन वर्षांचं पोर त्याच बाजूनं विहिरीत गेलं. पुढच्या आठवड्यात कठडा बांधला. चांगला पक्का बांधला म्हणतात.

मी शिक्षिकेच्या अभ्यासासाठी सांगलीला निघाले, तेव्हा मोटारीची वाट बघत आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला बसलो होतो. तिथं बाईंनी मला हे सांगितलं. रडल्या नाहीत. पदराची किनार बोटाला गुंडाळत सांगितलं, आणि शेवटी ते वाक्य. मग मोटार आली.

आता तुम्हाला कळेल, बाई इथं तशा का वागल्या.

सहा वर्षांपूर्वी साहेबांची बदली या गावी झाली. मग तिकडे नव्या धरणात पाणी अडलं, आणि इकडे जमीन गुरगुरायला लागली. पाण्यामुळे की आणखी कशामुळे, ते जाणत्यांनी सांगावं. बाईंना त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की बुधवारी दुपारी बायका प्रार्थनेला बसल्या की कधीतरी खालून आवाज येतो, दगडांनी भरलेली गाडी पायाखालून जावी तसा. मांडणीवरचे पेले एकमेकांना लागतात. आणि मग चर्चच्या डावीकडच्या या भिंतीतून मातीची बारीक धार गळते. गळते आणि थांबते. जणू कुणी आतून चाळण हलवली.

डावीकडची भिंत म्हणजे बायकांच्या बाजूची. आपल्यात पुरुष उजवीकडे, बाया-लेकरं डावीकडे. हे कुणी ठरवलं, कुणाला ठाऊक नाही. खिडकीच्या कोपऱ्यापासून वर तुळईपर्यंत चीर गेली, ती आपल्या बाजूला.

धरणावर काम केलेल्या एका गवंड्यानं बाईंना सांगितलं की चिरेवर कागदाची पट्टी चिकटवा. भिंत जागेवर असली तर पट्टी शाबूत राहील, हलत असली तर फाटेल. बाईंनी खळ शिजवली, आणि चिरेवर आडव्या पट्ट्या लावल्या. प्रत्येकीवर पेन्सिलीनं तारीख लिहिली. तुम्ही हसलात त्यांना. हो, हसलात. बाईंनी भिंतीला पोटीस बांधलं म्हणालात. आता काढा कधी पाजणार, असं कुणीतरी विचारलं. बाईही हसल्या. म्हणाल्या, पहिली पट्टी फाटली की पाजते.

पहिली पट्टी दोन महिन्यांत फाटली.

येसाआप्पा, तुम्ही समोर बसला आहात. तुम्ही पंचांत थोरले. बाई तुमच्याकडे आल्या होत्या, भिंत उतरवून घ्या म्हणून. ते जमत नसेल तर निदान बायांना उजवीकडे बसवा म्हणून. तुम्ही तेव्हा जे म्हणालात ते सगळ्या गावानं ऐकलं. “पाळकीणबाईच भ्याल्या, तर मंडळीनं काय करावं? देव तुमच्यापरीस थोडा मोठा हाय न्हवं?”

आणि बाई म्हणाल्या, “देव लय मोठा हाय, आप्पा. पर ही भिंत त्यानं न्हाई बांधली. गवंड्यानं बांधलीया.”

सगळे हसले. तुम्हीही हसलात. पण कुणी उजवीकडे सरकलं नाही.

बाई पुन्हा आल्या. दुसरी पट्टी फाटली तेव्हा आल्या. तिसरी फाटली तेव्हाही आल्या. पाळकसाहेबांनी त्यांना समजावलं, मग रागावले, मग बोलायचं सोडलं. घरात ताट वाढायचं आणि उचलायचं, एवढंच बोलणं उरलं. ज्या बाईनं साहेबांना कमीपणा येऊ नये म्हणून एकदा तोंड शिवलं होतं, तिनं या वेळी त्यांना कमीपणा येऊ दिला. तिला ते किती जड गेलं असेल, याचा विचार आपण कुणी केला का? मीसुद्धा केला नाही.

गणपतीच्या दिवसांत तो मोठा धक्का बसला. सांगलीत माझ्या घरी फळीवरचे डबे वाजले. इथं कौलं घसरली. त्या रविवारी बाईंनी उपासनेत, सगळ्यांदेखत, उभं राहून सांगितलं की आजपासून उपासना अंगणात चिंचेखाली व्हावी. तेव्हा येसाआप्पा, तुम्ही हसला नाहीत. तुम्ही उठलात, तुमचा आवाज कापत होता असं मला बाईंनीच लिहिलं. तुम्ही म्हणालात, “बाई, आमी पिढ्यान्‌पिढ्या भाईरच बसलो. देवळाच्या भाईर, चावडीच्या भाईर, पाणवठ्याच्या भाईर. माज्या बापानं डोईवर दगूड वाहून ही भिंत उभी केली, आत बसाया मिळावं म्हणून. आन तुमी आमाला पुन्यांदा भाईर बसा म्हनता?”

बाई खाली बसल्या.

आप्पा, मी तुमच्यावर आरोप करायला उभी नाही. बाईंनी मला पत्रात लिहिलं होतं, “आप्पांचं म्हणणं खोटं नाही. त्याला माझ्यापाशी उत्तर नाही. पण भिंतीला आप्पांचं दुःख ठाऊक नाही.” आणि खाली लिहिलं होतं, “तू शिकलेली आहेस. तू येऊन बोल. तुझं ऐकतील.”

मी आले नाही. सहामाहीचे पेपर तपासायचे होते. दिवाळीनंतर येते, असं कळवलं. दिवाळीनंतर बाईच सांगलीला आल्या, तापानं फणफणलेल्या, करुणाच्या खांद्यावर मान टाकून. पंधरा दिवस दवाखान्यात होत्या. शेवटच्या आठवड्यात त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. पण वार कळायचा. एका गुरुवारी सकाळी डोळे उघडून, माझा हात धरून त्यांनी मला विचारलं, “काल बाया कुटं बसल्या?”

मी म्हटलं, “बाहेर, बाई. चिंचेखाली.”

“सगळ्या?”

“सगळ्या. आप्पांनी स्वतः सतरंज्या टाकल्या.”

त्यांनी माझा हात सोडला. किती तरी दिवसांनी त्या शांत झोपल्या. शनिवारी गेल्या.

बायांनो, मी खोटं बोलले. आयुष्यभर जिनं मला खरं बोलायला शिकवलं, तिच्या उशाशी बसून खोटं बोलले. त्या बुधवारी तुम्ही कुठं बसला होतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. आत्ता कुठं बसला आहात, तेही बघा. करुणा त्याच भिंतीशी बसली आहे, मांडीवर बाळ घेऊन. तिच्या मागच्या बायका जागा नाही म्हणून भिंतीला पाठ लावून बसल्या आहेत.

काल तुम्ही या भिंतीला चुना दिलात. बाईंच्या सभेसाठी चर्च स्वच्छ दिसावं म्हणून. मी ते प्रेम ओळखते. कुणी उपाशीपोटी दिवसभर कुंचला फिरवला, तेही मला कळलं. पण पट्ट्या त्या चुन्याखाली गेल्या. आता काय फाटतं आहे आणि काय नाही, हे दाखवणारं काही उरलं नाही. चुना अजून ओला आहे. वास येतो आहे. आणि मघाशी प्रार्थना चालू असताना, सगळ्यांचे डोळे मिटलेले होते तेव्हा, मी डोळे उघडे ठेवले होते. खिडकीच्या कोपऱ्यात त्या पांढऱ्या चुन्यावर केसाएवढी रेघ मला दिसली. सकाळी ती तिथं नव्हती.

कदाचित चुना वाळताना तडकला असेल. मी गवंडी नाही. मला काही ठाऊक नाही. चार आठवड्यांनी नाताळ आहे. माहेरवाशिणी येतील, लेकरं नवे कपडे घालून पुढं बसतील, गाणी म्हणतील. तोवर काहीच होणार नाही, असंही असेल. वर्षानुवर्षं काही होणार नाही, आणि तुमची नातवंडं मला हसतील. तसं झालं तर मला आनंदच होईल. पण आजकाल जमीन गप्प आहे, आणि तिच्या गुरगुरण्यापेक्षा हे गप्प राहणं मला बरं वाटत नाही.

आता रीतीप्रमाणे आपण उभं राहून मौन पाळणार आहोत. माझी एकच विनंती आहे. ते मौन इथं नको. अंगणात जाऊ या. बाहेर बसवलेल्यांसारखं नव्हे, आप्पा. बाईंना निरोप द्यायला निघालेल्या मंडळीसारखं, आपल्या पायांनी, आपल्या मर्जीनं. आणि आज बाहेर गेलेली उपासना, भिंत उतरवून पुन्हा बांधेपर्यंत, बाहेरच राहू द्या. मी बाईंना जे सांगितलं, ते एवढ्यानं खरं होईल.

पाळकसाहेब, तुम्ही मान खाली घातली आहे. आप्पा, तुमची मान आत्ताच नाही म्हणते आहे, मला दिसतं आहे. तुम्ही म्हणाल, ज्या चर्चसाठी बाई झिजली तिथंच तिचा मान व्हायला हवा. मला उत्तर ठाऊक आहे, तरी विचारते. एकदाच विचारून मी गप्प बसणार नाही.

आधी बायांना आणि लेकरांना उठू द्याल का?