चाचणीपुरती ओळ

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते.

"ताई, बाबांना लावलेला औषधाचा पंप आमच्याच कंपनीचा आहे. त्यात काल नवा प्रोग्राम मीच भरला."

"मग तोंड का उतरलंय तुझं?"

"प्रोग्राममधल्या चुका शोधायला आम्ही डीबगर जोडतो, छोटी डबी असते. 'सुरू होताना आधी डीबगरची वाट बघ' अशी ओळ मी चाचणीपुरती घातली होती. ती काढायची राहिली."

"पण पंप चालतोय की!"

"सुरू केला तेव्हा डीबगर जोडलेला होता. आता बंद केला, तर त्याच्याशिवाय सुरूच होणार नाही."

"कुठाय तो?"

"ऑफिसात, माझ्या टेबलावर."

"अरे, मग बसलायस काय? ऊठ!"

दार उघडून नर्स बाहेर आली.

"बाबांना वरच्या खोलीत नेतोय. पंप आत्ताच बंद केलाय, वर गेल्यावर लगेच सुरू करू."