सुईणीचा जबाब

आमची म्हातारी सुईण, हे तर तुमाला ठावंच हाय. परवा अंबाजोगाईहून एक नर्सबाई आली. मोठ्या शिक्षणासाठी जुन्या सुईणींची माहिती लिहून घेती म्हणली. हल्ली घरी बाळंतपण केलं की दवाखान्यातले लई रागावतात, अन् ही कागद घेऊन दारात! म्हातारीवर केस करती का काय, म्हणून मी डोळ्यानं खुणावलं.

“आजी, बाळंतपणं किती केली?”

“एक बी न्हाई.”

“नाळ कशानं कापायच्या?”

“मला कोंबडी कापता येत न्हाई, बाई.”

पोरीनं पेन खाली ठेवला. “आजी, माझी आई याच गावची, शांता. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलती. मी तुमच्याच हातावर झाले.”

म्हातारीनं तिला निरखून बघितलं, मंग माझ्याकडं बघितलं.

“बरं, तुझं तेवढं एक लिही.”